तीन ठिपके

रूबेन ट्रँटरनं सोमवारी सकाळी इंजिन उकलायला घेतलं, तेव्हा त्याची बायको बेरिल स्वयंपाकघरात कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. महिनाअखेरीस घर सोडायचं होतं. नेदरटनच्या टेकडीच्या उतारावरचं हे विटांचं घर, मागचं फरसबंद अंगण आणि अंगणाच्या टोकाची धुण्याची जुनी खोली, सगळं मागे टाकून खाली कालव्याजवळच्या एका फ्लॅटमध्ये राहायला जायचं ठरलं होतं. तिथे जिना नव्हता, एवढीच त्याची जमेची बाजू. निकाल बेरिलच्या गुडघ्यांनी दिला होता आणि ब्याऐंशी वर्षांच्या रूबेननं तो मुकाट्यानं मानला होता.

धुण्याच्या खोलीत ताडपत्रीखाली त्रेचाळीस वर्षं एक मोटारसायकल पडून होती. म्हणजे तिचं जे उरलं होतं ते. ती त्यांच्या एकुलत्या एका मुलाची, ग्लेनची. १९७९ च्या जुलैमध्ये एका रविवारी तो वेल्सच्या समुद्रावरून घरी परतत होता. वेल्शपूलच्या उतारावर इंजिन एकाएकी जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि ग्लेन दगडी कुंपणावर आदळला. एकोणीस वर्षांचा होता. घर अजून पन्नास मैल होतं आणि बेरिलनं त्याच्यासाठी खिमा-कलेजीचे गोळे आणि वाटाणे ताटलीखाली झाकून ठेवले होते. पुढे चौकशीत ठरलं की इंजिन जुनं, रस्ता ओला, दोष कुणाचाच नाही.

त्या एका वाक्याच्या आधारावर बेरिल त्रेचाळीस वर्षं जगली. रूबेनला मात्र ठाऊक होतं की ते वाक्य खोटं आहे.

आता घर सोडताना मोटारसायकलीचं काय करायचं, हा प्रश्न निघाला, तेव्हा बेरिल म्हणाली, "भंगारात घालायची नाही. मला तिचा आवाज एकदा ऐकायचाय. मग हवं त्याला देऊन टाक." रूबेनचा मित्र हिकमन जुन्या मोटारसायकलींच्या क्लबातला जाणता माणूस. तो ती दुरुस्त करून चालू करून द्यायला लगेच तयार झाला. गुरुवारी दुपारी व्हॅन घेऊन येतो, म्हणाला. आणि फोन ठेवता ठेवता हसून म्हणाला, "नेल्या नेल्या आधी गाळाची नळी उघडणार बघ मी. इंजिनाचं खरं चारित्र्य तिथेच कळतं."

रूबेनच्या पाचावर धारण बसली. तो एवढंच म्हणाला की मी तुला इंजिन मोकळं करून ठेवतो, तेवढीच तुझी मेहनत वाचेल.

त्या काळच्या या इंजिनांत तेलाची गाळणी नावापुरतीच असे. खरी गाळणी म्हणजे क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पोटात बसवलेली बोटाएवढी नळी. शाफ्ट गरगर फिरतो, तेलातला जड कचरा त्या नळीत फेकला जातो आणि तिथेच चिकटून घट्ट होतो. हजारो मैलांनी नळी भरली की तेलाला वाट उरत नाही. बेअरिंग कोरडं पडतं, तापतं आणि शाफ्टला मिठी मारून बसतं. म्हणून इंजिन खोललं की नळी साफ करायचीच. नळीच्या तोंडाशी आट्यांचं बूच असतं. साफसफाई झाली की बूच आवळायचं आणि ते सैल होऊ नये म्हणून बूच आणि शाफ्ट यांच्या शिवेवर पंच, म्हणजे टोकदार पोलादी खिळा, ठेवून हातोडीनं ठिपके ठोकायचे.

ज्या कारखान्यात रूबेन फिटर होता, तिथे प्रत्येकाच्या ठिपक्यांची खूण ठरलेली असे. रूबेनचे तीन. ठिपके दिले म्हणजे काम झालं आणि त्याची जबाबदारी माझी, असा त्याचा अर्थ. मग दुसऱ्या कुणीतरी ते काम तपासायचं आणि शेजारी आपला एक ठिपका द्यायचा. ग्लेन त्याच कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागला तेव्हा वडिलांचं काम तपासायची त्याला भारी हौस. घरीसुद्धा सोडायचा नाही. अंगणाच्या फाटकाची बिजागरी रूबेननं बसवली, तीन ठिपके दिले, तर हा पठ्ठ्या शिट्टी वाजवत आला आणि चौथा देऊन गेला. ग्लेन डावखुरा होता, त्यामुळे त्याचा ठिपका उलट्या बाजूला कललेला. बिजागरीवर तो अजून दिसतो.

त्या जुलैतल्या शनिवारी याच खोलीत रूबेन ग्लेनचं इंजिन बांधत होता. नळीचं बूच काही केल्या फिरेना. त्यानं तापवलं, ठोकलं, शिव्या घातल्या. सात वाजत आले होते. सकाळी ग्लेनला निघायचं होतं, गाडी तयार ठेवीन असा शब्द दिलेला होता. आणि कोपऱ्यावरच्या पबमध्ये डार्ट्सचा सामना होता. हे शेवटचं कारण रूबेननं स्वतःशीसुद्धा कधी नीट उच्चारलं नाही. हिवाळ्यात बघू, असं म्हणून त्यानं न उघडलेल्या बुचावर पंच ठेवला आणि तीन ठिपके ठोकले.

तेवढ्यात ग्लेन दारात आला. "काय मुकादम, झालं? आण इकडे, माझा ठिपका राहिला."

"तुझ्या ठिपक्यानं गाडी जोरात पळणार आहे का? जा, हात धू. आई जेवायला खोळंबलीय."

"बरं बाबा, ओरडतोस काय! तुझे तीन आहेत ना? मग झालं." असं म्हणून तो हसत गेला.

आता त्रेचाळीस वर्षांनी, या सोमवारी, रूबेननं घाई केली नाही. इंजिनातून काढलेला शाफ्ट व्हाइसमध्ये, बाकावरच्या लोखंडी पकडीत, धरला. एका बाजूचा बेअरिंगचा भाग ओरखडलेला होता आणि त्यावर तापलेल्या पोलादाचा निळसर डाग होता. तिकडे त्यानं पाहायचं टाळलं. बूच ब्लो-लॅम्पनं तापवलं, गार होऊ दिलं, रॉकेल सोडलं, पुन्हा तापवलं. दोन तासांनी बूच करकरलं आणि फिरलं. शिवेवरचे ठिपके मधोमध तुटले. अर्धा ठिपका बुचावर, अर्धा शाफ्टवर, असे तीन अर्धचंद्र राहिले.

एवढंच तर करायचं होतं. आणखी दोन तास. रूबेन स्टुलावर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मग त्यानं नळी ओढून काढली. आत कडेपर्यंत काळा गाळ होता, थंडीत आळलेल्या काकवीसारखा. त्यानं तो लाकडी काडीनं उकरून बेरिलच्या वजनकाट्यावर जोखला. पावणेदोन औंस. मापल्याशिवाय त्याला कुठलीच गोष्ट खरी वाटत नसे. गाळ तंबाखूच्या रिकाम्या डबीत भरला. नळी रॉकेलनं धुतली, तेलाच्या छिद्रांतून तार फिरवली, हवा मारली. नळी परत घालून बूच नुसतं हातानं टेकवलं. ठिपके दिले नाहीत. आता हिकमननं उघडलं तरी त्याला काही दिसणार नव्हतं. रूबेननं खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली विजारीच्या खिशात टाकली.

मंगळवारी सकाळी चहा ओतताना बेरिल म्हणाली, "पहाटे उठून ठोकाठोक कशाला करतोस? शेजारी म्हणतील म्हातारा चळला."

"मी कुठे उठलो?"

"मग काय मी ठोकत होते? टक, टक, टक. तीनदा. तुझंच आहे ते, मी काय ओळखत नाही?"

रूबेन अंगणात गेला. कुलूप जसंच्या तसं होतं. आत शाफ्ट व्हाइसमध्ये होता आणि बूच घट्ट आवळलेलं होतं. शिवेवर तीन ठिपके होते, पूर्ण गोल, मध्ये कुठे चीर नाही, जणू ते बूच कधी फिरलंच नव्हतं.

वयाचा दोष, असं त्यानं ठरवलं. ब्याऐंशीव्या वर्षी माणूस चष्मा शोधतो तेव्हा तो नाकावर असतो. काल आपण उघडलंच नसेल, सगळं मनातल्या मनात केलं असेल. त्यानं फळीवरची डबी उघडली. कालचा गाळ डबीत होता.

त्यानं पुन्हा ब्लो-लॅम्प पेटवला. पुन्हा दोन तास. नळी पुन्हा कडेपर्यंत भरलेली. गाळ काट्यावर ठेवला. पावणेदोन औंस, कणभर इकडे नाही की तिकडे नाही. दुसरी डबी भरली. या वेळी बूच परत लावलंच नाही. ते रुमालात गुंडाळून घरात आणलं आणि शिवणाच्या पेटीत, बटणांखाली ठेवलं.

बुधवारी पहाटे बेरिलला तीन ठोके पुन्हा ऐकू आले. रूबेन तिच्या शेजारी पलंगावर टक्क जागा होता. त्याला काहीच ऐकू आलं नाही.

शिवणाच्या पेटीत बटणं होती. बूच शाफ्टवर होतं.

खोलीत इतका गारठा होता की श्वासाची वाफ दिसत होती. रूबेननं शाफ्टवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. लोखंड ऊन होतं. चहा ओतून पाच मिनिटांनी किटलीवर हात ठेवावा तेवढं. जळक्या तेलाचा ताजा वास येत होता. आणि एक बारीक आवाज. टिक्. मग थोड्या वेळानं आणखी एक टिक्. लांबून दौड करून आलेलं इंजिन बंद केल्यावर निवताना जसं वाजतं, तसा. हा आवाज रूबेननं आयुष्यात हजारदा ऐकला होता.

तरी त्यानं बूच काढलं. गाळ आज मऊ होता, बोटाला चिकटत होता. तिसरी डबी भरताना मागून बेरिलचा आवाज आला. ती काठी टेकत दारापर्यंत आली होती.

"तीन दिवस त्या एका दांड्यालाच काय चिकटलायस? तेव्हा साफ केलंच होतंस की तू."

रूबेननं डबीचं झाकण दाबून लावलं.

"तुला एक सांगू?" ती चौकटीला टेकली. "तो गेला तेव्हा तुझी बहीण म्हणायची, देवाला जाब विचार, चर्चला जाऊ नकोस. मी नाही भांडले देवाशी. मी म्हटलं, त्याच्या बापानं ते इंजिन बांधलं होतं. तीन ठिपके होते त्यावर. माणसाच्या हातून होण्यासारखं सगळं झालं होतं. त्याउपर काय करणार?"

ती हळूहळू परत गेली. रूबेन हातातल्या काडीकडे पाहत राहिला. तेव्हा याच हातानं खोटे ठिपके दिले होते आणि आता त्याच हातानं पुरावा पुसत होता. एकदा फसवलं होतं, आता दुसऱ्यांदा. त्याला स्वतःची किळस आली.

गुरुवारी सकाळी त्यानं दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि बेरिलला हाताला धरून धुण्याच्या खोलीत आणलं. स्टुलावर बसवलं. तिच्या हातात कंदिलासारखा एक छोटा दिवा दिला.

"आज काय मला कामाला लावतोस?" ती म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून तिनं दिवा नीट धरला.

त्यानं सगळं सांगितलं. न फिरणारं बूच, सात वाजत आलेलं घड्याळ, डार्ट्सचा सामना. ग्लेन ठिपका द्यायला आला होता आणि आपण त्याला हाकललं, तेही सांगितलं. "त्यानं बघितलं असतं ना बेरिल, तर एका क्षणात ओळखलं असतं. म्हणून मी बघू दिलं नाही. मी मारलं त्याला."

दिव्याचा उजेड हलत होता.

"त्रेचाळीस वर्षं," ती शेवटी म्हणाली. "माझ्या ताटात जेवलास. माझ्या शेजारी निजलास."

"हो."

"उघड ते. मला बघायचंय."

शाफ्ट आज थंडगार होता. त्यानं ब्लो-लॅम्पकडे हात नेला, पण त्याची गरज पडली नाही. पेचकस लावताच बूच सहज फिरलं. त्याचे डोळे बेरिलच्या चेहऱ्यावर होते. हात सवयीनं चालले. बूच निघालं, ते त्यानं न पाहता खिडकीच्या दगडी पट्टीवर ठेवलं आणि नळी ओढून तिच्या हातात दिली.

बेरिलनं नळी उजेडात धरली. मग डोळ्याला लावून तिच्यातून खिडकीबाहेर पाहिलं.

"टेकडीवरचं चर्च दिसतंय मला," ती म्हणाली. "कुठाय तुझा गाळ?"

नळी आतून लखलखत होती. कोरडी. तेलाचा ओघळही नाही.

"फळीवर आहे. तीन डब्या." रूबेननं पहिली डबी उघडली. दुसरी उघडली. तिसरी. तिन्ही स्वच्छ होत्या. तळाला तंबाखूचा जुना वास तेवढा होता.

"रूब..."

"मी स्वतः काढला, बेरिल! जोखून ठेवला. तुझ्या काट्यावर!"

बेरिल रडायला लागली. राग कुठच्या कुठे गेला होता. "अरे वेड्या माणसा," ती म्हणाली, "साफ आहे रे हे. तू केलं होतंस. उगाच ठरवून बसलास की नाही केलं. इतकी वर्षं हे उरावर घेऊन फिरलास, आणि मला कळलंसुद्धा नाही." तिनं त्याचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं.

रूबेनला ओरडून सांगावंसं वाटत होतं की नाही, मी केलं नव्हतं, मला आठवतंय, डार्ट्सचा स्कोअरसुद्धा आठवतोय. शाफ्टवरचा निळा डाग तसाच तर होता. नळी साफ होती तर तो डाग आला कुठून? पण ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिनं त्याला माफ केलं होतं, न केलेल्या पापासाठी. केलेलं पाप ऐकून घ्यायला आता कुणीच नव्हतं.

थोड्या वेळानं ती सावरली. डोळे पुसून काठीसाठी तिनं हात लांबवला, तेव्हा खिडकीतलं बूच तिला लागलं. ते उचलून तिनं चष्म्याजवळ नेलं.

"तुझे तीन ना रे?"

"तीन."

"मग हे चार कसे?"

रूबेननं वाकून पाहिलं. बुचाच्या कडेला तीन अर्धचंद्र होते, एका ओळीत, जुन्या तेलानं काळे पडलेले. त्यांच्यापासून जरा अंतरावर चौथा होता. उलट्या बाजूला कललेला. त्यात तेल नव्हतं, धूळ नव्हती. धातू आतून पांढरा चमकत होता आणि कड इतकी ताजी, की अंगठा फिरवताना टोचली.

त्यानं दारातून फाटकाच्या बिजागरीकडे पाहिलं. बेरिलही तिकडेच पाहत होती.

"आज पहाटे ऐकू आलं का काही?" त्यानं विचारलं.

"आलं की."

"किती?"

"तीन. रोजच्यासारखे." ती थांबली. "मग कितीतरी वेळ काहीच नाही. मला वाटलं, झालं. कूस बदलली. आणि मग एक."

बाहेर हिकमनच्या व्हॅनचा आवाज आला. दार आपटलं. "रूब! आहेस ना रे जिवंत?" तो फाटकाबाहेरूनच ओरडला.

बेरिलनं बूच मुठीत घेतलं आणि मूठ छातीशी धरली.

"त्याला सांग, दुसरं बूच घाल म्हणावं," ती हळूच म्हणाली. "हे अजून गरम आहे."